पांगाऱ्याचा तरंगा: माझा अनुभव

कृष्णेकाठी सांगलीपासून हरिपुरापर्यंत कुठेही पाहा, गळ टाकून बसलेल्या माणसाच्या दोरीला, मासा लागल्याची खूण देणारा तरंगा म्हणून, जुन्या चपलेचा तुकडा असतो, नाहीतर थर्माकोल. मोठा मासा लागला की तो तुकडाही बुडतो, त्यात शंका नाही. पण रोहू कणकेची गोळी नुसती चाखून सोडतो, मृगळ ती तळावरून अलगद उचलतो आणि काठावरच्या माणसाला त्यातलं काहीच कळत नाही. मला ते कळायला हवं होतं. दुकानातले लाल-पांढरे प्लॅस्टिकचे गोळे चपलेपेक्षा देखणे, एवढंच. म्हणून मी स्वतः तरंगे करायला बसलो, आणि आता गळ टाकण्याइतकाच जीव त्यात रमतो.

सगळी गोम आहे पाण्याबाहेर दिसणाऱ्या टोकात. टोक ४ मिलिमीटर जाड असेल, तर ते एक सेंटिमीटर खाली ओढायला माशाला साधारण ०.१२५ ग्रॅमचा जोर लावावा लागतो, कारण तेवढं पाणी बाजूला सारायचं असतं. तेच टोक २ मिलिमीटरचं केलं की जोर ०.०३ ग्रॅमवर येतो. जाडी निम्मी, विरोध चौथाई. हे गणित वहीत मांडलं आणि कसला तरंगा करायचा ते ठरलं: टोक शक्य तितकं बारीक, आणि दोरीला लावलेलं वजन पेलण्याचं काम पाण्याखालच्या फुगीर पोटाकडे.

पोटासाठी हलकं लाकूड हवं. ज्वारीच्या चिपाडातलं भेंड लहानपणी गाड्या-बैल करायला वापरलेलं, हाताशी मुबलक. पण ते पाणी पितं आणि बोटाच्या दाबानेही चेपतं. जुनी जाणती माणसं साळिंदराच्या काट्याची फार तारीफ करतात. तो आतून हलका, बाहेरून गुळगुळीत, म्हणजे निसर्गानेच घडवलेला तरंगा. पण साळिंदर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, त्यामुळे त्या वाटेला मी गेलो नाही आणि कुणी जाऊही नये. उत्तर भारतात उगवणाऱ्या सरकंड्याच्या काड्यांचे सुरेख तरंगे इंग्लंडमधले हौशी कारागीर करतात. इथे मला तशी काडी मिळाली नाही.

मिळाला तो पांगारा. सावंतवाडीची लाकडी खेळणी ज्याची करत आले, तोच हा. शेताच्या कडेला कुंपणात उभा असतो, अंगावर काटे, फाल्गुनाच्या सुमारास लालभडक फुलतो. कुंपण छाटताना पडलेली मनगटाएवढी फांदी मागून आणली. ओली असताना ती चांगलीच जड लागते. साल काढून, उभी चिरून, सावलीत वाऱ्यावर ठेवली. उन्हात ठेवली की पांगारा भराभर आकसतो आणि टोकांना तडे जातात. वाळल्यावर तीच चीर हातात घेतली तर विश्वास बसत नाही, इतकी हलकी होते. माझ्या काट्यावर पांगारा पाण्याच्या साधारण तीन दशांश वजनाचा भरला.

घडवण्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट अशी की भोक आधी पाडायचं, आकार मागून द्यायचा. आकार देऊन मग भोक पाडायला गेलं की ते हमखास तिरकं जातं, आणि तिरका तरंगा पाण्यात सरळ उभाच राहत नाही. मी चार सेंटिमीटर लांबीचा चौकोनी ठोकळा कापतो, मधोमध भोक पाडतो, त्यात काडी घट्ट बसवतो आणि ती काडी ड्रिल मशीनच्या तोंडात पकडतो. आता लाकूड भोकाभोवतीच फिरतं, त्यामुळे ते आपोआप मध्यावर येतं. आधी चाकूने कोपरे मारायचे, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १५०, २२० आणि शेवटी ४००. पांगाऱ्याची धूळ पिठासारखी बारीक उडते, तेव्हा नाकाला फडकं बांधणं आलंच. आकार काकडीसारखा: मध्ये एक सेंटिमीटर, दोन्हीकडे निमुळता. एवढ्या पोटाचं आकारमान होतं साधारण १.७ मिलीलिटर, लाकूड स्वतः अर्ध्या ग्रॅमचं. कागदावर ते १.२ ग्रॅम पेलायला हवं. काडी, रंग आणि वार्निश जमेला धरलं की हातात ग्रॅमभर उरतो, आणि चिलापी-रोहूच्या शांत पाण्याला तेवढा पुरेसा आहे.

पोटातून आरपार जाणारी आणि वर टोक म्हणून दिसणारी जी काडी, तिचं काम मला सगळ्यात आवडतं. बुरुडाकडून टोपलीची कामटी, म्हणजे बांबूची चिरफळी, आणायची, बाहेरची हिरवी पाठ ठेवायची, कारण ताकद तिथेच असते, आणि आतला मऊ भाग तासून टाकायचा. मग जाड पोलादी पत्र्यावर पाडलेल्या भोकांतून ती ओढायची, सोनार जंत्रीतून तार ओढतो तशी. चार मिलिमीटरचं भोक, मग साडेतीन, तीन, अडीच. प्रत्येक ओढीला पत्र्यामागे बांबूचे केसासारखे धागे गोळा होतात आणि काडी गोल होत जाते. दोन मिलिमीटरच्या भोकातून ती सलग, न तुटता आली की बोटांमध्ये फिरवून बघायची. कुठे चपटेपणा असेल तर डोळ्याआधी बोटांना समजतो. गाठ असलेली कामटी घेऊ नये, ती तिथेच तुटते.

काडी पोटात अराल्डाइटने चिकटवतो. खालच्या टोकाला तांब्याच्या बारीक तारेचा डोळा पिळून बसवतो आणि त्यावर रेशमी दोरा वेढ्याला वेढा लावून गुंडाळतो. वरच्या बाजूला तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, धरून ठेवायला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची कापलेली चकती. बाजारात सिलिकॉनच्या नळ्या मिळतात, पण ही चकती घट्ट बसते, आणि तुटली तर नदीवरच दुसरी कापता येते.

आता पाणी अडवण्याचं. इथे मला मिरजेने हात दिला. मिरजेची सतारमेकर गल्ली घरापासून लांब नाही, तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या भोपळ्यांना आणि दांड्यांना जी झळाळी असते, ती चपडीच्या, म्हणजे लाखेच्या पॉलिशची. एका वयस्कर कारागिरांना मी माझा उघडा तरंगा दाखवला. त्यांनी तो दिव्याकडे धरून गोल फिरवला, हातातलं काम बाजूला ठेवलं आणि मला शेजारी बसवून घेतलं. कापसाचा बोळा सुती फडक्यात बांधला, स्पिरिटमध्ये विरघळलेल्या चपडीत बुडवून पिळला, तेलाचं एक बोट लावलं आणि लाकडावरून असा काही फिरवला की हात कुठेच थांबला नाही. थांबला की तिथे डाग पडतो. मग म्हणाले, "हे बघा, चपडी लाकडाची छिद्रं बुजवेल, पण पाण्यात ती टिकायची नाही. सतार पाण्यात जात नसते. वरून तुम्हाला दुसरं काहीतरी लावावं लागेल."

त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं आहे. नुसती चपडी लावलेला तरंगा पाण्यात ठेवला की तासाभरात पांढुरका पडतो. म्हणून मी चपडीचे पातळ हात देतो, प्रत्येकानंतर ४०० नंबरने हलकेच घासतो, त्यावर रंग, आणि सगळ्यांवर बोटीला लावतात ते वार्निश. पावसाळ्यात हे काम करूच नये. स्पिरिट उडताना हवेतली ओल चपडीत शिरते आणि खाली ढग जमल्यासारखा धुरकट थर उरतो. त्यामुळे माझं वर्ष आपोआप विभागलं गेलं आहे. आषाढ-श्रावणात नदी फुगलेली असते, रोहू-कटला-मृगळ यांचा अंडी घालण्याचा तो काळ, म्हणून गळ घरात आणि हातात चाकू. लाकूड आणि कामट्या तेव्हा होतात. पॉलिश दिवाळीनंतर.

टोकाला झळकता नारिंगी रंग देतो, पण खाली आधी पांढरा हात हवाच. थेट लाकडावर दिला तर तो विटकरी दिसतो. संध्याकाळी पाण्यावर सोनेरी चकाकी येते तेव्हा नारिंगी दिसेनासा होतो आणि काळं टोक ठळक उठून दिसतं, म्हणून दोन्ही रंगांचे तरंगे जवळ ठेवतो.

तोलायला घरातली लोणच्याची उंच काचेची बरणी. पाण्याने भरायची, तरंग्याला वजनं लावायची आणि फक्त सेंटिमीटरभर टोक वर राहीपर्यंत ती कमी-जास्त करायची. शिशाबद्दल माझं ठाम मत आहे. इंग्लंडमध्ये हंस शिशाचे मणी गिळून मरायला लागले, तेव्हा १९८७ पासून गळाला लावायच्या शिशाच्या लहान वजनांच्या विक्रीवर बंदी आली. आपल्या नदीवरही बदकं, बगळे, पाणकावळे आहेत. मी शिसं नसलेली सोल्डरची तार कापून तंगुसावर गुंडाळतो. ती थोडी जास्त लागते, पण वजन मिलिमीटरने कमी-जास्त करता येतं, ही तिची मोठी सोय. तरंगा किती पेलतो तो आकडा काळ्या शाईने पोटावर लिहितो आणि त्यावर वार्निशचा शेवटचा हात.

या सगळ्याचं फळ नदीवर दिसतं, आणि ते बुडण्यात नाही, उठण्यात आहे. मृगळ तळावर चरतो. गळापासून वीतभर अंतरावरचं शेवटचं वजन मी तळाला टेकवून ठेवतो. मृगळ गोळी तोंडात घेऊन डोकं वर करतो तेव्हा ते वजन त्याच्याबरोबर उचललं जातं, तरंग्यावरचा भार कमी होतो आणि टोक सेंटिमीटरभर वर येऊन थरथरतं. चपलेचा तुकडा अशा वेळी ढिम्म राहतो. शेजारी बसणारे एक मामा टोक वर आलेलं बघून म्हणाले, "अरं, बुडू तर दे!" मी गळ मारला तेव्हा मृगळ ओठाला नीट अडकलेला होता. आता त्यांच्या दोरीलाही माझा तरंगा आहे, आणि तो वर उठला की ते मला हाक मारून दाखवतात. रोहूला मधल्या पाण्यात गाठायचं, तर वजनं तळापासून सोडवून वर घ्यावी लागतात. कटल्याचं तोंडच वर वळलेलं, तो आणखी वर खातो. तिथे वजन तरंग्याच्या अगदी बुडाशी आणून गोळी हळूहळू खाली उतरू देतो, उतरता उतरता थांबली की समजायचं.

सध्या पत्र्यावर दीड मिलिमीटरचं भोक पाडून ठेवलं आहे. एवढ्या बारीक टोकाला बांबू पुरेसा ताठ राहतो का, हे बघायचं आहे. शिवाय सांगलीच्या आयर्विन पुलाच्या खांबांजवळ पाणी दोरी फेकता येईल त्याहून खोल आहे, तिथे तंगुसावरून घसरत जाणारा आणि वरच्या गाठीला अडणारा तरंगा लागेल. त्याचं पोट मोठं हवं, तीन ग्रॅम तरी पेलणारं. त्यासाठी पांगाऱ्याची जाड चीर माळ्यावर वाळत घातली आहे.