हिरवी क्रोमोली: चेनस्टेचा फोड आणि बॅटरीचं पाणी

माझ्या सायकलच्या चेनस्टेवरचा (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) तो फोड गणपतीत परत वर आला. ड्राइव्ह साइड, म्हणजे चेनची बाजू, बीबी शेलपासून (पेडलचा आस, म्हणजे बीबी, बसतो ती आडवी नळी) चार बोटं मागे, नेहमीची जागा. वरून रंग अगदी शाबूत, नखाने दाबला की खाली पोकळ. ब्लेडने उचलला तर आत तीच तांबूस भुकटी, आणि कडेने चांगल्या रंगाखाली गांडुळासारखी वळवळत गेलेली एक रेघ.

बाकीचे टवके शांत आहेत, हे विशेष. केबलने घासलेली हेड ट्यूबची बाजू, जांभ्याची खडी उडून डाउन ट्यूबच्या पोटाला पडलेले टवके, सगळीकडे एकच पद्धत वापरली होती: खरवडणे, 400 नंबरचा पेपर, गंज निष्क्रिय करणारा कन्व्हर्टर, प्रायमर, रंग. मग हट्ट याच एका जागेचा का?

‘क्रोमोलीला गंज लागत नाही’ म्हणणारे अजून भेटतात, म्हणून एकदा सांगून टाकतो. क्रोमोली म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद, 4130 हा त्याचा एक प्रकार, आणि त्यात क्रोमियम जेमतेम एक टक्का असतं. स्टेनलेस म्हणवून घ्यायला साडेदहा टक्के तरी लागतं. आपली फ्रेम गंजते, आणि रत्नागिरीत जरा जास्तच आवडीने गंजते.

उलगडा झाला कॉलेजात केमिस्ट्री शिकवणाऱ्या मैत्रिणीमुळे. ती म्हणाली, “अरे, तू गंज काढतोयस, मीठ कुठे काढतोयस?” आरे-वारेच्या रस्त्यावरचं खारं पाणी टायर नेमकं तिथेच फेकतं आणि ते तिथेच वाळतं. गंजाने पाडलेल्या बारीक खड्ड्यांच्या तळाशी क्लोराइड बसून राहतं. फॉस्फोरिक ॲसिडवाला कन्व्हर्टर गंजाचं फॉस्फेट करतो, मिठाचं काहीच करत नाही. वरून कितीही रंग चढवा, त्यातून थोडी वाफ आत जातेच, खालचं मीठ ती ओढून धरतं आणि फोड तयार.

मग धुणं आलं. नळाच्या पाण्यातही क्लोराइड असतं, म्हणून पेट्रोल पंपाशेजारच्या दुकानातून बॅटरीचं पाणी, म्हणजे क्षार काढलेलं शुद्ध पाणी, आणलं. गरम करून जुन्या टूथब्रशने खड्डे घासले, ओघळ काचेच्या नळीत धरला आणि मैत्रिणीने दिलेल्या सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. नळी पांढरी गढूळ, म्हणजे क्लोराइड आहे! इतका आनंद मला नवीन डिरेलर बसवतानाही झाला नव्हता. शत्रू डोळ्यांना दिसला. पाणी बदलत राहिलो, गढूळपणा कमी होत गेला, शेवटी थेंब पडूनही नळी नितळ. (हातमोजे घाला. त्या थेंबांचे काळे डाग बोटांवरून कित्येक दिवस जात नाहीत.)

आता खरी गोम. धुतलं की या दमट हवेत उघडं लोखंड बघता बघता पिवळं पडतं. न धुवावं तर मीठ, धुवावं तर नवा गंज. यावर जमलेला क्रम असा: शेवटचं पाणी कढत, लगेच हेअर ड्रायर, मग आयपीएचा (आयसोप्रोपिल अल्कोहोल) फडका, आणि लागलीच प्रायमर. आयपीए मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळतं तेच घ्या. औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये पाणी असतं, त्याने सगळ्यावर पाणी फिरतं. कन्व्हर्टर या जागेपुरता पूर्ण बाद केला, कारण ॲसिडचा अंश राहिला की त्यावर इपॉक्सी नीट धरत नाही.

प्रायमर झिंक फॉस्फेटवाला टू-पॅक इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून लावायचा. लहान डबा कुठेच नाही. गाड्यांचे रंग विकणाऱ्या एका दुकानदाराने तर ‘सायकलला कशाला, रेड ऑक्साइड मारा’ म्हणून वाटेला लावलं. दुसरीकडे सुटा मिळाला. बिनसुईच्या सिरिंजने मोजून चमचाभर कालवला तरी पुरतो. कार टच-अपच्या पेनांचा ब्रश मात्र सरळ फेकून द्या, टूथपिकचं टोक त्याहून छान चालतं.

पुढचा बेत होता याच आठवड्यात हिरवा रंग मारण्याचा. शेड सापडली आहे, तीही नेलपेंटच्या स्टँडवर. बायको अजून हसतेय. पण नेलपेंट म्हणजे एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, आणि या हवेत तो दुधाळतो. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. थिनर सावकाश उडवणारा रिटार्डर घालून निभावता येईल, असं लिहिणारच होतो, तेवढ्यात फ्रेम उलटी करून हलवली तर आत काहीतरी खुळखुळलं. सीट ट्यूबमधून लाल कपच्या पडल्या.

तेव्हा रंग थांबला. आधी बीबी काढून आतून साफसफाई, मग उकळलेलं अळशीचं तेल ओतून फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवायची. बाजारातल्या महागड्या स्प्रेपेक्षा माझा या तेलावर जास्त विश्वास आहे. वाळून पातळ कातडी धरते ती धरतेच. तेलाची फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

अडलंय ते बीबीच्या ड्राइव्ह साइडच्या कपापाशी. उलटे आटे आहेत हे माहीत आहे, रस्ट पेनिट्रंट मारून रात्रभर ठेवलाय, तरी हलत नाही. माझ्या टूलचे दात झिजलेत. 20 दातांचं चांगलं टूल आणि लांब दांड्याचा पाना कुणाकडे असेल तर रविवारी घेऊन या. चहा-पोहे माझ्याकडे.