कुलाब्यातला आवाज ऐकायला सॉमरसेटला

आम्ही कुलाब्यात राहायचो तेव्हा डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं की बाबा टीव्ही म्यूट करायचे. "सी किंग," एवढंच म्हणायचे आणि आवाज विरेपर्यंत बातम्या थांबलेल्या. नौदलाचा हेलिकॉप्टर तळ जवळच होता. त्याला तेव्हा कुंजली म्हणत, शिक्रा हे नाव २००९ मध्ये आलं. बाबा नेव्हल डॉकयार्डात होते. हेलिकॉप्टरशी त्यांचा कामाचा काडीचा संबंध नव्हता, पण चेतक आणि सी किंग ते डोळे मिटून ओळखायचे.

या उन्हाळ्यात ते माझ्याकडे ब्रिस्टलला आले. लंडन आय, टॉवर ब्रिज वगैरे उरकल्यावर मी म्हटलं, "बाबा, तुमची सी किंग जिथे बनली ते गाव इथून फार लांब नाही. जायचं?" डिझाइन सिकॉर्स्कीचं, म्हणजे मूळचं अमेरिकी, पण आपल्या नौदलाने १९७१ पासून घेतलेली सी किंग इथे सॉमरसेटमधल्या येओव्हिल गावी, वेस्टलंडच्या कारखान्यात तयार झाली. कारखान्यात आपल्याला कोण सोडणार? पण आसपास निवृत्त लष्करी हेलिकॉप्टरं बघायला तीन जागा आहेत. दोन ठिकाणी ती उभी असतात, तिसरीकडे उडतात.

पहिला दिवस वेस्टन-सुपर-मेअरचा. ब्रिस्टल टेंपल मीड्सहून ट्रेनने अर्धा-पाऊण तास. हेलिकॉप्टर म्युझियम गावाबाहेर, जुन्या विमानतळाच्या जागेवर आहे. वेस्टनच्या मुख्य स्टेशनापेक्षा वेस्टन मिल्टन हे छोटं स्टेशन जवळ पडतं, पण तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत, वेळापत्रक नीट बघा. गाडीने येणार असाल तर एम ५ वरून एकविसाव्या जंक्शनला उतरायचं. म्युझियम आठवडाभर रोज उघडं नसतं, निघण्यापूर्वी साइट बघाच. आणि जमलं तर 'ओपन कॉकपिट डे' गाठा, त्या दिवशी काही हेलिकॉप्टरांत चढून बसता येतं. आम्ही तो चुकवला आणि बाबा अजून ते काढतात.

इथे ऐंशीच्या आसपास हेलिकॉप्टरं आहेत, सगळी बघायला गेलात तर डोकं गरगरेल. माझं मत विचाराल तर चारच धरा. पूर्व जर्मनीकडून आलेलं रशियन मी-२४. राणीच्या ताफ्यातलं लाल वेसेक्स. फेअरी रोटोडाइनचे उरलेले तुकडे: अर्धं विमान, अर्धं हेलिकॉप्टर असलेलं हे यंत्र होतं, १९६२ मध्ये प्रकल्प बंद झाला आणि ते मोडीत गेलं. जपायचं हे कुणाला वेळेत सुचलं नाही तर काय उरतं, ते त्या तुकड्यांत दिसतं. आणि चौथं लिंक्स. ११ ऑगस्ट १९८६ ला या लिंक्सने याच सॉमरसेटच्या सपाट माळावर ताशी ४००.८७ किलोमीटरचा वेग गाठला. नेहमीच्या रचनेच्या हेलिकॉप्टरांत तो विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे.

लिंक्सच्या पात्याचं टोक जवळून बघा. सरळ कापलेलं नाही, होडीच्या वल्ह्यासारखं रुंद आणि मागे वळलेलं आहे. हेलिकॉप्टर वेगात पुढे जाताना एका बाजूचं पातं वाऱ्यावर चालून जातं, त्याचं टोक ध्वनीच्या वेगाजवळ पोचतं. दुसऱ्या बाजूचं मागे येत असतं, त्याला पुरेसा वारा मिळत नाही आणि त्याची उचल सुटते. हेलिकॉप्टरचा वेग अडतो तो या दोन्हींच्या कात्रीत. त्या टोकाच्या आकाराने ती कात्री थोडी सैल केली. बाबा त्या टोकाखाली पाच मिनिटं मान वर करून उभे. शेवटी म्हणाले, "फाईल मारून मारून केलंय असं वाटतं."

अंगणातल्या हेलिकॉप्टरांकडे मात्र बघवत नाही. ब्रिस्टल चॅनलची खारी हवा जवळच, आणि जुन्या हेलिकॉप्टरांत वजन कमी ठेवायला मॅग्नेशियमचे मिश्रधातू सढळ हाताने वापरलेले. मॅग्नेशियमला मीठ लागलं की पांढरी भुकटी होऊन सुटायला लागतं. वरून रंग ठणठणीत आणि आतून पोखरलेलं, असंही होतं. गोव्याला बोगमाळोजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात गेलेल्यांना हे नवीन नाही. सगळ्यांना छताखाली घ्यायचं तर हँगर लागतं आणि हँगरला पैसा.

दुसरा दिवस येओव्हिल्टनचा. इथे फ्लीट एअर आर्म (ब्रिटिश नौदलाची हवाई शाखा) म्युझियम आहे, चालू नौदल तळाला लागूनच. येओव्हिल आणि येओव्हिल्टन ही वेगळी गावं आहेत, टॅक्सीवाल्याला पत्ता नीट सांगा. टॅक्सीवरून आठवलं: येताना स्टेशनावरून मिळाली, परतीची बुक केलेली आलीच नाही. फोन केला तर "ऑन द वे", तासाभराने केला तरी "ऑन द वे". संध्याकाळी म्युझियम बंद होऊन पोरं सायकली घेऊन घरी गेली तरी आम्ही फाटकाशी. शेवटी एका भल्या बाईंनी कॅसल कॅरी स्टेशनला सोडलं. तेव्हा इथे स्वतःची किंवा भाड्याची गाडीच आणा, ए ३०३ हायवे अगदी जवळ आहे.

आत सगळे आधी कॉन्कॉर्डकडे धावतात (ब्रिटनमध्ये बनलेलं पहिलं कॉन्कॉर्ड इथे आहे). तुम्ही उलट्या दिशेने जा आणि 'हम्फ्री' शोधा. हे वेसेक्स फॉकलंड युद्धातलं. एप्रिल १९८२ मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटाच्या हिमनदीवर ब्रिटिश कमांडो अडकले, त्यांना आणायला गेलेली दोन वेसेक्स बर्फाच्या वादळात कोसळली. तिसरं हे. इयन स्टॅनली या वैमानिकाने क्षमतेपेक्षा जास्त माणसं आत कोंबून सगळ्यांना परत आणलं. दोन-तीन दिवसांनी याच हेलिकॉप्टरने अर्जेंटिनाच्या 'सांता फे' पाणबुडीवर डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) टाकले. आत डोकावलं तर लोकलच्या सेकंड क्लासच्या दारातल्या जागेपेक्षा फार मोठं नाही. सतरा माणसं कशी बसली असतील, विचारू नका.

इथेच सी किंग भेटलं. हिरवं, कमांडोंना नेणारं. अशा हेलिकॉप्टरांच्या तुकड्यांना इथे 'जंगली' म्हणतात. साठच्या दशकात बोर्निओच्या जंगलात काम केलं तेव्हापासूनचं हे नाव, शब्द आपल्याकडचाच. बाबा खूश. त्यांनी इकडेतिकडे बघून पोटाखालच्या रिव्हेटांवर तळहात ठेवला. "हे खालचं होडीसारखं आहे बघ. पाण्यात उतरलं तर तरंगावं म्हणून." मग म्हणाले, "अठ्ठ्याण्णवला पोखरणनंतर अमेरिकेने सुटे भाग अडवले, तेव्हा आपली कितीतरी जमिनीवर बसली होती."

त्यांच्या या वाक्याचा अर्थ मला तिसऱ्या ठिकाणी कळला. चार्ड गावाजवळ हिस्टॉरिक हेलिकॉप्टर्स हा खाजगी संग्रह आहे. वेसेक्स, व्हर्लविंड आणि बचावकार्यातलं पिवळं सी किंग ते उडत्या अवस्थेत ठेवतात. हे म्युझियम नाही, वाटलं आणि गेलो असं होत नाही. उन्हाळ्यात मोजके कार्यक्रम असतात, तिकीट आधी काढायचं, आणि ढग खाली आले की उड्डाण रद्द. आमच्या वेळी दुपारपर्यंत झाडांच्या शेंड्यांवर ढग बसले होते. आम्ही गाडीत थालीपीठं खाऊन वाट बघितली.

तोवर तिथल्या एका स्वयंसेवकाशी गप्पा झाल्या, हा माणूस पूर्वी नौदलात मेकॅनिक. पातं, गिअरबॉक्स, रोटरचं डोकं, प्रत्येकाला ठरावीक तासांचं आयुष्य असतं. तास संपले की भाग दिसायला कितीही चांगला असो, काढायचा. नवा कुठून आणणार? दुसऱ्या सी किंगमधून. रॉयल एअर फोर्सची सी किंग बचावकार्यातून २०१५ मध्ये गेली, नौदलाची शेवटची २०१८ मध्ये. एकदम इतकी निवृत्त झाल्यामुळे आत्ता भाग मिळतात. एक उडवायचं तर दोन-चार उघडून ठेवावी लागतात. शिवाय व्हर्लविंडच्या नंतरच्या आवृत्तीत रोल्स-रॉइसचं एक नोम इंजिन, तिथल्या वेसेक्समध्ये दोन आणि सी किंगमध्येही दोन. घराणं एकच, म्हणून एकाच माणसाचा हात तिन्हींवर चालतो. सी किंगखाली तेलाचा ट्रे ठेवला होता. बाबांनी बोट दाखवलं तर तो हसला: गळत असेल तर समजायचं आत तेल आहे.

"बसवतील का आपल्याला?" बाबांनी मला मराठीत विचारलं. नाही. अशी हेलिकॉप्टरं इथे साधारणपणे 'परमिट टू फ्लाय'वर उडतात, तिकीट लावून कुणालाही फिरवायला ते परमिट पुरत नाही. बाबांना पटलं नाही, मला पटतं. अमेरिकेत जुन्या ह्युई या लष्करी हेलिकॉप्टरातून पैसे घेऊन फेऱ्या मारतात, आणि जून २०२२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात तसंच एक पडून सहा जण गेले.

चारच्या सुमाराला ढग उचलले. पहिलं इंजिन चालू झालं तेव्हा शिट्टीसारखा बारीक आवाज, मग दुसरं, मग ती पाच पाती अगदी आळसात फिरायला लागली. पाऊण मिनिटात आळस गेला. मी बाबांकडे बघितलं, त्यांनी डोळे मिटलेले. सी किंग उचललं आणि कापलेलं गवत, धूळ, केरोसीनचा वास, सगळं आमच्यावर आलं. चहाच्या कपात गवत. मागच्या रांगेतल्यांच्या खुर्च्या उलटल्या. तेव्हा दोरीला चिकटून उभे राहू नका, टोपी खिशात घाला, लहान मुलांना इअर डिफेंडर आणा आणि सुटं जॅकेट खुर्चीवर टाकून जाऊ नका.

बाबांनी आवाज कुलाब्यातल्या शेजाऱ्यांना पाठवायला म्हणून फोनवर सात मिनिटं रेकॉर्ड केला. रात्री लावून बघितला तर नुसता वारा, आणि मध्ये एकदा माझं "बाबा, चहा!" तुम्ही जाणार असाल तर माइकला फोमची टोपी घेऊन जा.