९६ सुट्या काड्या: चौमितीय आकृतीचा थ्रीडी प्रिंट काढण्याचा माझा अनुभव

‘सर, तुमच्या फाइलमध्ये सगळ्या सुट्या काड्या आहेत. एक दुसरीला कुठं चिकटतच नाही. प्रिंट काय काढू?’

फाइल अकरा दिवस दुकानात पडून होती. अकराव्या दिवशी हा फोन. पहिल्याच दिवशी उघडून बघितली असती तर बरं झालं असतं, असं मी अजूनही म्हणतो. चूक माझी होती, तरीही म्हणतो.

ज्युनिअर कॉलेजात २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन असतं. दरवर्षी पायथागोरस आणि π. यंदा मी हट्टानं गॉसेटची आकृती घेतली. थोरोल्ड गॉसेट हा इंग्लंडमधला वकील. सनद मिळाली, पण अशील फिरकेनात, म्हणून वेळ घालवायला वरच्या मितींतल्या आकृत्या शोधत बसला. १९०० साली त्यानं यादी छापली. अट अशी की बाहेरचा प्रत्येक तुकडा नियमित हवा, तुकड्यांच्या जाती एकाहून जास्त चालतील, पण सगळे कोपरे हुबेहूब सारखे हवेत. अशा अर्धनियमित आकृत्या चार मितींत तीन आणि पुढे पाच ते आठ मितींत एकेकच. आठ मितींतलीला २४० कोपरे. यादी पुरी आहे हे सिद्ध व्हायला १९९१ उजाडलं.

मी निवडली ती चार मितींतली: ९६ कोपरे, ४३२ कडा, बाहेरून १२० चतुष्फलक (चार त्रिकोणी बाजूंचे) आणि २४ विंशतिफलक (वीस त्रिकोणी बाजूंचे). चौथ्या मितीतून तिसरीत सावली पाडणं वगैरे अवघड वाटतं, पण ते एका संध्याकाळीच झालं.

अडलं ते कोपऱ्यांपाशी. चार मितींत प्रत्येक कोपऱ्याची जागा चार आकड्यांनी सांगायची. सूत्र साधं आहे: φ, १, १/φ आणि ० हे चार आकडे घ्या, चिन्हं हवी तशी लावा, जागा बदला, सगळ्याला दोननं भागा. (φ म्हणजे सुवर्ण गुणोत्तर, १.६१८.) मी सगळ्या २४ प्रकारांनी जागा बदलल्या. मग संगणकाला सांगितलं, ज्या जोड्यांमधलं अंतर सगळ्यांत कमी, त्या जोडून टाक. पडद्यावर आकडा आला ९६. मला ९६ हवेच होते! खूश होऊन फाइल पाठवून दिली. ते ९६ कोपरे नसून कडा होत्या, हे बघितलंच नाही.

त्या फोननंतर तीन रात्री गेल्या. आधी प्रोग्राम तपासला, मग सावलीचं गणित, मग दुकानाच्या सॉफ्टवेअरला नावं ठेवली. एका मित्रानं सुचवलं की १२० कोपऱ्यांची नियमित आकृती घे आणि त्यातले २४ काढून टाक, उरतील ते ९६. तेही केलं. पण त्या १२० मध्येही हेच सूत्र लागतं, त्यामुळे तिथेही मी त्याच खड्ड्यात.

शेवटी उत्तर मिळालं ते जुन्या लग्नपत्रिकांमध्ये. विंशतिफलक करायचा तर सुवर्ण आयताची (लांबी रुंदीच्या φ पट) तीन कार्डं एकमेकांत काटकोनात अडकवायची. तिन्हींचे मिळून बारा कोपरे, तेच विंशतिफलकाचे कोपरे. हे मी वर्गात नेहमी करून दाखवतो. त्या रात्री कार्डं हातात फिरवताना लक्षात आलं की लांब बाजू कुठल्या दिशेला, हे तिन्हींत एकाच चक्रानं जावं लागतं. उलट्या चक्राची तीनही सोबत घेतली तर कोपरे २४ होतात आणि दोन विंशतिफलक एकमेकांत घुसतात. माझंही तेच झालं होतं. कोपरे ९६ नव्हे, १९२: दोन आकृत्यांची खिचडी. एकीचा कोपरा दुसरीच्या कोपऱ्यापासून फक्त ०.२७ वर, म्हणून संगणकानं तेवढ्याच जोड्या जोडल्या. खरी कडा ०.६१८ ची.

सूत्रात ‘इव्हन परम्युटेशन्स’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं, म्हणजे अदलाबदली सम संख्येनं करायच्या. मुलांना मी अकरावीत परम्युटेशन शिकवतो, आणि नेमका तोच शब्द गाळून वाचला.

कुणी हे करणार असेल तर आधी एका कोपऱ्याचे शेजारी मोजा. नऊ आले पाहिजेत. माझ्याकडे एक येत होता आणि मोजायला दोन मिनिटंही लागली नसती. हो, आणि काड्या तीन मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका.

दुसरी फाइल दिली तेव्हा मात्र तिथेच उभा राहून ती उघडून घेतली. दुकानदार म्हणाला, ‘आता चिकटलंय सर.’ प्रिंट चार दिवसांत आला. स्कूटरवर घरी आणताना ४३२ पैकी एक काडी मोडली, ती फेविक्विकनं जोडली आहे.