ऑस्टिओपॅथ व्हायचंय? आधी टेबलाची उंची बघा

सांधे-स्नायू हातांनी तपासून उपचार करणं हे ऑस्टिओपॅथचं काम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या निकषांनुसार वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्यांना ४२०० तासांचं शिक्षण लागतं, त्यात किमान १००० तास देखरेखीखाली रुग्ण हाताळणं. ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवताच येत नाही. अमेरिकेतला डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) मात्र पूर्ण डॉक्टरच.

नवशिक्यांचे अंगठे आधी दुखावतात. रुग्णाला झोपवायचं टेबल उंच असलं की अंगाचं वजन हातात उतरत नाही, मग बोटांनीच दाबलं जातं. टेबल मांडीच्या वरच्या भागाइतकं ठेवा, जोर पायांतून येऊ द्या. ‘कट्’ आवाजामागे लागू नका; त्यावरून सांधा ‘बसला’ असं ठरत नाही.

कंबरदुखीसोबत लघवी अडली किंवा जांघेत बधिरपणा आला, तर हात न लावता लगेच रुग्णालयात पाठवा.