घोडे बघायला गेलो, कुत्री बघत बसलो

आज टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या पश्चिमेला रँचवरच्या कामाच्या घोड्यांच्या लिलावाला गेलो होतो. खरेदी नाही, नुसती हौस.

आपल्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे बघतात, देवमण (शुभ मानला जाणारा भोवरा) आहे का, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा) आहे का हे विचारतात. इथे रंगाबिंगाचं फारसं कुणाला पडलेलं नव्हतं. आधी स्वार वासरू कळपातून बाजूला काढून दाखवतो, मग बोली. वासरू वळायच्या आत घोडा वळला की माणसं पुढे सरकतात. बहुतेक क्वार्टर हॉर्स या चपळ अमेरिकन जातीचे, त्यातही खच्ची केलेल्यांना जास्त मागणी, कारण ते शांत. कॉगिन्स चाचणीचा कागद मात्र सगळेच मागत होते. घोड्यांच्या एका संसर्गजन्य रक्तरोगाची ही तपासणी, आणि त्या रोगाला ना लस, ना इलाज.

पार्किंगमध्ये वेगळाच बाजार! ट्रकमागच्या पिंजऱ्यांत रानडुकरांच्या शिकारीची कुत्री. काटाहुला आणि 'ब्लॅक माउथ कर' या जातींची कुत्री भुंकून डुकराला अडवून धरतात, मग दणकट पिटबुल किंवा अमेरिकन बुलडॉग त्याचा कान पकडतो. डुकराच्या सुळ्यांपासून वाचायला या कुत्र्याच्या अंगावर जाड जॅकेट. डुकरं शेतं उकरून टाकतात, म्हणून 2019 पासून टेक्सासमध्ये जमीनमालकाची परवानगी असली तर खासगी रानात त्यांच्या शिकारीला परवाना लागत नाही. पटतं, पण कुत्र्याच्या छातीवरचे जुने टाके बघून पोटात कालवलं.

विकणारे आजोबा म्हणाले, "पिल्लू घेऊ नकोस, काम केलेलं कुत्रं घे. आणि आधी रात्री रानात नेऊन बघ."

बायकोला अजून सांगितलेलं नाही की मी त्यांचा नंबर घेतलाय.