मेस्तिया ते उश्गुली: स्वानेतीतले चार दिवस आणि मधली आदिशचाला नदी

जॉर्जियाच्या वायव्य कोपऱ्यात, कॉकेशसच्या मुख्य रांगेला टेकून स्वानेती हा डोंगरी प्रदेश आहे. मेस्तिया या तिथल्या मुख्य गावापासून उश्गुलीपर्यंतची पायवाट सुमारे 57 किलोमीटरची आहे आणि चार दिवसांत आरामात होते. रोज संध्याकाळी गाव लागतं, गावात घरगुती मुक्काम मिळतो, त्यामुळे तंबू, स्टोव्ह, शिधा यातलं काहीच पाठीवर घ्यावं लागत नाही. दोर किंवा गिर्यारोहणाचं तंत्रही लागत नाही. तरीही दरवर्षी काही जण तिसऱ्या दिवशी अर्ध्या वाटेतून परततात. कारण बहुतेक वेळा एकच असतं, आदिशचाला नदीवर उशिरा पोहोचणं. म्हणून बेत मेस्तियापासून पुढे आखण्याऐवजी या नदीपासून मागे आखावा.

मोसम आणि पोहोचणं

जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत वाट मोकळी असते. जूनमध्ये खिंडीत बर्फाचे पट्टे असू शकतात, पण फुलं भरपूर असतात. जुलै-ऑगस्टमध्ये नदीला पाणी सगळ्यात जास्त आणि दुपारी गडगडाटी पाऊस नेहमीचा. सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे सगळ्यात चांगले, कारण हवा स्वच्छ, पाणी कमी आणि गर्दीही ओसरलेली.

तिब्लिसीहून रेल्वेने झुग्दिदी आणि तिथून मार्श्रुत्काने, म्हणजे सार्वजनिक मिनीबसने, मेस्तिया हा रुळलेला मार्ग. झुग्दिदीपासून पुढे साधारण तीन तास लागतात. मार्श्रुत्का भरली की सुटते, त्यामुळे गाडी स्टेशनला लागल्यावर बाहेर रेंगाळू नये. कुताइसीहूनही थेट मार्श्रुत्का मिळते. तिब्लिसीच्या उत्तरेला नाताख्तारी धावपट्टीवरून मेस्तियाला लहान विमान जातं. वरून दिसणारा देखावा अप्रतिम असतो, पण ढग आले की उड्डाण रद्द होतं. परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाच्या आदल्या दिवशी या विमानावर विसंबणं म्हणजे जुगार.

1 जानेवारी 2026 पासून जॉर्जियात येणाऱ्या परदेशी पर्यटकांना आरोग्य आणि अपघात विमा बंधनकारक आहे. किमान संरक्षण 30,000 लारींचं (लारी म्हणजे जॉर्जियाचं चलन) हवं. पॉलिसी घेताना डोंगरातली पायी भटकंती आणि हेलिकॉप्टरने सुटका हे दोन्ही तिच्यात आहे का, ते शब्दशः वाचून घ्यावं. स्वस्त पॉलिसीत बऱ्याचदा ठरावीक उंचीच्या वरचं काहीच नसतं. हा भाग रशियाच्या सीमेला लागून असल्यामुळे मूळ पासपोर्ट सतत जवळ असू द्यावा.

मेस्तियात उरकायची कामं

पहिलं काम पैशांचं. एटीएम मेस्तियात आहेत, पुढच्या वाटेवर एकही नाही. मुक्काम, घोडा, जीप, सगळं रोखीने. रात्रीचं जेवण आणि न्याहारी धरून मुक्कामाचे माणशी 80 ते 120 लारी लागतात असं धरावं, वर एका दिवसाची जादा रक्कम ठेवावी आणि 20 आणि 50 च्या नोटा मागून घ्याव्यात. खेड्यात 100 च्या नोटेला सुटे मिळणं अवघड जातं.

दुसरं काम नकाशाचं. वाटेवर लाल-पांढऱ्या खुणा आणि फलक आहेत, पण गावांच्या आत आणि स्की-उतारांवर त्या हरवतात. मापी किंवा ऑरगॅनिक मॅप्स या फोनवरच्या नकाशा-अ‍ॅपमध्ये संपूर्ण स्वानेती आधीच उतरवून ठेवावं. दुसऱ्या मुक्कामाच्या आदिशी गावात फोनला रेंज मिळेलच असं नाही.

तिसरं म्हणजे आदिशीतला मुक्काम. हे गाव अगदी छोटं, घरं मोजकी. जुलै-ऑगस्टमध्ये ठरवून न गेल्यास संध्याकाळी दारोदार विचारत फिरावं लागतं. बाकी तीन ठिकाणी ऐन वेळी खोली मिळते.

एक दिवस जादा असेल तर वस्तुसंग्रहालय चुकवू नये. इ. स. 897 मधलं आदिशी शुभवर्तमानाचं हस्तलिखित इथे आहे. ज्या गावाचं नाव त्याला आहे त्या गावातून दोन दिवसांनी आपण चालत जाणार असतो, त्यामुळे ते आधी पाहिलेलं बरं. ‘कड्यांवरचा वाघ’ म्हणून ओळखला जाणारा गिर्यारोहक मिखाइल खेर्गियानी (1932–1969) मेस्तियाचाच. त्याच्या घराचंही संग्रहालय केलेलं आहे.

पहिला दिवस: मेस्तिया ते झाबेशी, सुमारे 16 किमी

मेस्तिया 1,500 मीटरवर आहे. गावाबाहेर पडताच चढण लागते आणि सुमारे 1,900 मीटरच्या धारेवर नेते. हवा स्वच्छ असेल तर मागे उश्बाची (4,710 मीटर) दोन शिखरं दिसतात. सकाळी नऊनंतर ढग जमू लागतात, म्हणून हा चढ लवकर उरकावा. पुढे वाट मुलखुरा नदीच्या खोऱ्यात उतरते आणि शेतं, कुंपणं, बुरूज यांच्यामधून गावागावांतून जाते.

हे बुरूज म्हणजे स्वानेतीची ओळख. बहुतेक 9व्या ते 12व्या शतकांतले, 20 ते 25 मीटर उंच, चार-पाच मजली. मजल्यांमध्ये पक्का जिना नाही. शिडीने वर चढायचं आणि शिडी ओढून घ्यायची, अशी संरक्षणाची रीत. पायथ्याच्या दगडी घराला माचुबी म्हणतात. तिथे माणसं आणि गुरं एकाच छपराखाली हिवाळा काढत. पडक्या बुरुजात परवानगीशिवाय शिरू नये. तो कुणाच्या तरी घराण्याचा असतो आणि आतली लाकडं कुजलेली असतात.

या टप्प्यात एका वनस्पतीपासून सांभाळायला हवं. माणसाहून उंच वाढणारी, छत्रीसारखी पांढरी फुलं येणारी आणि जाड, पोकळ देठाची ही हेराक्लियम वाटेच्या कडेने माजते. तिचा चीक अंगाला लागून त्यावर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि डाग महिनोन्महिने राहतात. झाडोरा दाटला तिथे लांब बाह्या, लांब पँट. चीक लागलाच तर साबणाने धुऊन तो भाग दोन दिवस उन्हापासून झाकून ठेवावा.

दुसरा दिवस: झाबेशी ते आदिशी, सुमारे 11 किमी

अंतर कमी, पण सुरुवातीलाच सुमारे 800 मीटरचा सरळ चढ. चार दिवसांतला सगळ्यात कष्टाचा तुकडा हाच. झाबेशीतून निघताना दोन लिटर पाणी भरून घ्यावं. वरच्या भागात गुरं चरतात, ओढ्याचं पाणी गाळून किंवा शुद्ध करूनच प्यावं. गावातलं नळाचं पाणी सरसकट सगळे पितात.

वर तेतनुल्दीच्या स्की-उतारांचे मातीचे रस्ते आडवे येतात. पावसानंतर इथला चिखल बुटाला किलो-किलोने चिकटतो आणि वाट नेमकी इथेच चुकते. रस्ता रुंद दिसतो म्हणून त्याच्याच मागे जाऊ नये. पायवाट रस्त्याला छेदून पुढे जाते. काही जण स्की-केंद्रापर्यंत जीपने येऊन चढ वाचवतात. गुडघे कुरकुरत असतील तर तेही योग्यच, कारण पाय तिसऱ्या दिवसासाठी राखायचे आहेत.

आदिशी सुमारे 2,050 मीटरवर आहे. पोहोचल्यावर आंघोळीआधी घरमालकाला दोन गोष्टी विचाराव्यात: उद्या नदीवर घोडे आहेत का, आणि न्याहारी साडेसहाला मिळेल का. सप्टेंबरअखेरीस गर्दी संपली की घोडेवाले नदीवर थांबत नाहीत. तेव्हा घोडा गावातूनच ठरवून न्यावा लागतो.

तिसरा दिवस: नदी आणि खिंड, सुमारे 19 किमी

आदिशीपासून नदीपर्यंत दीड ते दोन तासांची, जवळजवळ सपाट वाट. सातला निघालात तर नऊच्या आसपास काठावर. ही वेळ महत्त्वाची, कारण नदी आदिशी हिमनदीतून येते. रात्री थंडीने बर्फ वितळणं मंदावतं म्हणून पहाटे पाणी सगळ्यात कमी. ऊन चढलं की वितळण्याचा वेग वाढतो आणि दुपारनंतर तीच नदी आडवं पाडेल इतकी जोरदार होते. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर सकाळचा हा फायदाही उरत नाही.

ऑगस्टअखेरीपर्यंत घोड्यानेच ओलांडावी, असं स्पष्ट मत आहे. पाणी दुधाळ, तळ दिसत नाही, खालचे गोटे प्रवाहाबरोबर सरकतात, आणि गारठा इतका की दोन मिनिटांत पायांना काही कळेनासं होतं. घोडेवाले सकाळी काठावर असतात आणि चालणाऱ्यांचा लोंढा संपला की दुपारच्या सुमारास निघून जातात. भाव बसण्याआधी ठरवावा, सॅक वेगळी की पाठीवर तेही विचारून घ्यावं. सॅक पाठीवर असेल तर कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडलेला हवा.

सप्टेंबरमध्ये पाणी खरोखर कमी असताना पायी जायचं ठरवलंत तर नदी जिथे पसरून अनेक फाटे होतात तिथूनच उतरावं. अरुंद जागा सोपी वाटते, पण तिथेच खोली आणि वेग जास्त. मोजे काढून बूट किंवा पट्ट्यांचे सँडल घालावेत, अनवाणी नको. तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला, काठी पुढे रोवलेली, एका वेळी एकच पाऊल बाजूला. तिघे असाल तर एकमेकांचे खांदे धरून गोल करून चालावं. दोर अंगाला बांधू नये. पडल्यावर तो माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो. पाणी गुडघ्याच्या वर चढू लागलं की मागे फिरायचं. आदिशीतून बोग्रेशीकडे कच्चा जीपरस्ता उतरतो. त्याने मेस्तिया-उश्गुली रस्ता गाठून पुढचा दिवस पूर्ण करता येतो.

नदीनंतर बर्च आणि ऱ्होडोडेंड्रॉनमधून 400 ते 450 मीटरचा चढ च्खुंदेरी खिंडीत नेतो. खिंडीची उंची नकाशानुसार 2,650 ते 2,720 मीटर अशी बदलते. चढताना दर वळणावर समोरची आदिशी हिमनदी, निळसर भेगांचा तुटलेला बर्फाचा जिना, आणखी मोठी होत जाते. संपूर्ण मार्गावर यासारखं दुसरं काही नाही. इथे तासभर बसायला मिळावं हेदेखील लवकर निघण्याचं कारण आहे.

उतार लांब आहे, काठ्या असाव्यात. खाली खाल्दे लागतं. 1876 मध्ये रशियन साम्राज्याच्या फौजेने उठाव चिरडताना हे गाव उद्ध्वस्त केलं. इथे एखाद-दुसरं घर मुक्कामाला मिळतं, नाहीतर आणखी सहा किलोमीटर रस्त्याने इप्राली. पाय थकले असतील तर खाल्देतच थांबावं, फक्त चौथा दिवस तेवढा लांबतो. इप्रालीजवळच्या टेकडीवर काला नावाच्या भागातलं लागुर्का चर्च आहे. 28 जुलैला तिथे क्विरिकोबाचा उत्सव भरतो. त्या दिवसांत आसपास खोली मिळेल असं गृहीत धरू नये.

जेवणाबद्दल

घरगुती मुक्कामाचं जेवण हा या वाटेचा मोठा आनंद. कुब्दारी म्हणजे मांस भरलेली भाकरी, ही स्वानेतीची खासियत. मांस न खाणाऱ्यांचेही हाल होत नाहीत. ताश्मिजाबी हा बटाटा आणि चीज घोटून केलेला, तार सुटणारा प्रकार, च्विश्तारी ही मक्याच्या पिठात चीज घालून भाजलेली भाकरी, आणि लोबिओ म्हणजे राजम्यासारख्या घेवड्याची दाट उसळ. दूधदुभतंही नको असेल तर ‘सामार्ख्वो’ हा शब्द वापरावा. तो उपवासाच्या जेवणाचा शब्द आहे आणि प्रत्येक घरात कळतो. ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर कधीकधी मटणाच्या रश्शातली भाजी समोर येते. लसूण आणि रानमसाले घातलेलं स्वानुरी मारिली हे मीठ परत नेण्यासारखं. चाचा ही घरची कडक दारू आग्रहाने देतात. तिसऱ्या दिवसाच्या आदल्या रात्री ती नम्रपणे नाकारावी.

गावातली कुत्री बरोबर चालू लागतात. त्यांना खायला घालून पुढे नेऊ नये, दुसऱ्या गावच्या कुत्र्यांशी भांडणं होतात आणि मध्ये माणूस सापडतो. मेंढ्यांच्या कळपाला मात्र लांबून वळसा घालावा. चावा बसलाच तर जखम 15 मिनिटं साबण-पाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी लशीसाठी मेस्तिया गाठावी. आपत्कालीन क्रमांक 112.

चौथा दिवस: इप्राली ते उश्गुली, सुमारे 11 किमी

एंगुरी नदीच्या खोऱ्यावरून दाव्बेरी गावामार्गे पायवाट जाते. गाडीरस्त्याने चालण्यात धुळीशिवाय काही नाही, म्हणून पायवाटच धरावी. उश्गुली सुमारे 2,100 मीटरवर आहे आणि मुर्कमेली, चाझाशी, च्विबियानी, झिबियानी अशा वस्त्यांचं मिळून बनलंय. चाझाशीत 200 हून जास्त बुरूजघरं टिकून आहेत. वरचं स्वानेती 1996 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे ते मुख्यतः या वस्तीमुळे.

बरेच जण दुपारी पोहोचून त्याच संध्याकाळी मेस्तियाला परततात. ते टाळावं. दिवसभराच्या सहलीच्या गाड्या चारच्या सुमारास निघून गेल्या की गाव शांत होतं, आणि लामारिया चर्चच्या मागे श्खारा (5,193 मीटर, जॉर्जियातलं सर्वोच्च शिखर) संध्याकाळच्या उन्हात उजळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी श्खारा हिमनदीच्या दिशेने जाता येतं. एका बाजूचं अंतर आठेक किलोमीटर, जवळपास सपाट. हिमनदीच्या तोंडाशी मात्र जाऊ नये, वरून दगड सुटत असतात.

परतीची जीप आदल्या रात्रीच मुक्कामाच्या घरातून ठरवावी. मेस्तिया 45 किलोमीटरवर आहे, दोन तास धरावेत. सहलीच्या गाडीत रिकामी जागा मिळाली तर माणशी भाडं पडतं. त्या गाड्या गेल्यावर संपूर्ण जीपचे पैसे द्यावे लागतात, मग त्यात एकटे बसा नाहीतर सहा जण.