अणुभट्टी थंडावल्यानंतरची दहा मिनिटे

बॅरोट्रॉमा या संगणकावरच्या खेळात पाणबुडीची वीज गेली, की अंधाराच्याही आधी शांतता जाणवते. इंजिनाची घरघर थांबते, पंपांचा आवाज विरतो, सोनारचा पडदा काळा होतो आणि पाणबुडीला वर-खाली नेणाऱ्या बॅलास्ट टाक्यांत त्या क्षणी जेवढे पाणी असेल त्यानुसार पाणबुडी वर किंवा खाली सरकू लागते. गुरूच्या युरोपा या चंद्रावर, बर्फाच्या कवचाखालच्या समुद्रात ही कथा घडत असल्यामुळे वर येऊन श्वास घेण्याची सोय नसते. म्हणूनच स्वतःची पाणबुडी रचताना सर्वांत जास्त वेळ मी तोफांवर किंवा अंतर्गत मांडणीवर घालवला नाही; तो आपोआप सुरू होणाऱ्या राखीव विजेवर घालवला.

वरकरणी हे काम सोपे वाटते. खेळात बॅटऱ्या आहेत, त्या अणुभट्टी आणि जंक्शन बॉक्स (यंत्रांना वीज वाटणारी पेटी) यांच्या मध्ये जोडल्या की भट्टीचे उत्पादन कमी पडताच उरलेली तूट त्या स्वतःहून भरून काढतात. माझी पहिली रचना एवढीच होती आणि ती पहिल्याच प्रसंगात निकामी ठरली. खेळातील पाणबुडी रचण्याच्या साधनात, म्हणजे संपादकात, मी दोन बॅटऱ्यांची एकत्रित क्षमता ४००० किलोवॅट-मिनिट ठेवली होती. पूर्ण वेगाने पळणारे इंजिन, तोफांसाठी वीज साठवणारे सुपरकपॅसिटर, वस्तू घडवणारी यंत्रे आणि दिवे मिळून माझ्या पाणबुडीचा भार २००० किलोवॅटच्या घरात जात असे, म्हणजे राखीव वीज जेमतेम दोन मिनिटे पुरत असे. ऑक्सिजन जनरेटर, पंप आणि सुकाणूचे टर्मिनल एवढेच चालवले असते, तर भार सुमारे ४०० किलोवॅट राहिला असता आणि तोच साठा दहा मिनिटे पुरला असता. अभियंत्याने भट्टीपर्यंत पोहोचून इंधनकांड्या बदलण्यासाठी किंवा फुटलेली भिंत सांधून झाल्यावर भट्टी पुन्हा पेटवण्यासाठी दहा मिनिटे पुष्कळ असतात. दोन मिनिटांत तो वाटेतल्या दाराशीच असतो.

त्यामुळे राखीव यंत्रणेचे खरे काम वीज देणे हे नसून कोणाला वीज नाकारायची ते ठरवणे हे आहे, असे माझे मत बनले. मी वायरिंग दोन शाखांत विभागले. जीवनावश्यक शाखा थेट बॅटरीमागे ठेवली आणि इंजिन, तोफा व इतर यंत्रे यांच्या शाखेवर रिले, म्हणजे संकेतावर चालणारा स्विच, बसवला, जेणेकरून संकेत मिळताच तो रिले उघडावा, म्हणजे जोडणी तुटावी, आणि अनावश्यक भार बाजूला पडावा. प्रत्येक रिलेला वाहून नेण्याच्या विजेची कमाल मर्यादा असते आणि ती ओलांडली की रिलेच खराब होतो. ही मर्यादा संपादकात पाहून ठेवणे आवश्यक आहे.

दुसरी रचना पहिल्यापेक्षा वाईट वागली. वीज पुरेशी आहे की नाही हे मी जंक्शन बॉक्सच्या पुरवठा आणि भार या दोन आकड्यांवरून ठरवत होतो. भट्टी बंद पडली, पुरवठा घसरला, रिलेने जास्तीचा भार सोडला. तेवढ्यात बॅटऱ्यांनी उरलेला भार पूर्णपणे उचलला आणि जंक्शन बॉक्सला सर्व काही आलबेल दिसू लागले. रिले पुन्हा जोडला गेला, पुरवठा पुन्हा अपुरा पडला, रिले पुन्हा उघडला. सबंध पाणबुडीतील दिवे लुकलुकत राहिले आणि इंजिन गचके देत राहिले. चूक मोजमापाच्या जागेत होती: ज्या ठिकाणी राखीव वीज मिसळलेली आहे, तिथे मोजून मूळ वीज परत आली का हे कधीच कळणार नाही. मोजमाप अणुभट्टीच्याच उत्पादनाच्या पिनवर (तो आकडा बाहेर देणाऱ्या जोडणीवर) घ्यायला हवे, कारण तो आकडा बॅटरीने बदलत नाही.

त्यानंतर एका उंबरठ्याऐवजी दोन उंबरठे ठेवले. भट्टीचे उत्पादन ४०० किलोवॅटच्या खाली सलग २ सेकंद राहिले, तर रिलेला आदेश देणाऱ्या मेमरी घटकाकडे १ (आणीबाणी) हा संकेत जातो. ते ६०० च्या वर सलग १० सेकंद राहिले, तर ० (पूर्ववत) जातो. आणि मधल्या पट्ट्यात काहीच जात नाही, त्यामुळे मेमरी घटक शेवटचे मूल्य धरून ठेवतो. तुलना करणाऱ्या घटकात, अट पूर्ण न झाल्यास काय पाठवायचे ही चौकट रिकामी सोडली की तो त्या वेळी गप्प बसतो, या लहानशा सोयीवर ही संपूर्ण युक्ती उभी आहे. ६०० चा आकडा भट्टीला गाठता यावा म्हणून मी आणीबाणीच्या काळातही बॅटऱ्यांचे चार्जिंग थोडेसे चालू ठेवतो. नाहीतर स्वयंचलित नियंत्रणावरील भट्टी ४०० ची मागणी पाहून तेवढ्यावरच थांबते आणि परतीची वेळ कधी येतच नाही. हे ध्यानात येण्यासाठी मला एक पूर्ण संध्याकाळ लागली.

परत जोडणीलाही शिस्त लागते. ६०० किलोवॅटच्या आसपास स्थिरावलेल्या भट्टीपुढे एकाएकी २००० ची मागणी आली, तर तिला वेग घेईपर्यंत सर्व तूट अर्धवट रिकाम्या झालेल्या बॅटऱ्यांवर पडते. म्हणून आता अनावश्यक शाखेचे तीन तुकडे केले आहेत आणि विलंब घटकांच्या साहाय्याने आधी दिवे, मग इंजिन आणि शेवटी सुपरकपॅसिटर जोडले जातात. उलट दिशेचा धोका अधिक गंभीर आहे. भट्टी जोरात चालू असताना चुकून सर्व भार एकदम तोडला, तर जास्तीची वीज जंक्शन बॉक्सवर आदळते, ते खराब होतात आणि आगही लागते. अर्थात ज्या यंत्रणेने वाचवायचे, तिनेच पाणबुडी पेटवण्याची शक्यता असते, म्हणून भार तोडतानाही मी तीच पायरीपायरीची पद्धत ठेवली आहे.

ही यंत्रणा पाणबुडीत कुठे बसवायची, हा जागेचा प्रश्न मला खेळाबाहेरच्या एका घटनेमुळे नीट समजला. १० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकी नौदलाची थ्रेशर ही अणुपाणबुडी खोल पाण्यातील चाचणीच्या वेळी बुडाली आणि तिच्यावरील सर्व १२९ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत जो घटनाक्रम सर्वाधिक संभाव्य मानला गेला, त्यात नळजोडणी निकामी होऊन पाणी आत येणे, त्या पाण्याने विद्युत यंत्रणेत बिघाड होणे आणि परिणामी अणुभट्टी बंद पडणे हे टप्पे आहेत. खऱ्या अणुपाणबुड्यांवर राखीव बॅटरी आणि डिझेल जनरेटर दोन्ही असतात. परंतु डिझेलला हवा लागते, म्हणून खोलवर असताना भरवसा बॅटरीचाच. पाणी, बिघाड, अंधार ही साखळी वाचल्यावर मी माझा आराखडा उघडला, तेव्हा जीवनावश्यक शाखेचा जंक्शन बॉक्स सर्वांत खालच्या खोलीत, भट्टीच्या शेजारी होता. पाणी जिथे सर्वांत आधी साचते, तिथेच मी शेवटचा आधार ठेवला होता. आता तो आणि बॅटऱ्या वरच्या मजल्यावर, वेगळ्या दाराआड आहेत. नियंत्रणाचे लहान घटक खेळात स्वतः वीज घेत नाहीत, त्यामुळे वीज गेली तरी निर्णय घेणारा भाग जागा राहतो. ही सवलत खऱ्या जगात मिळत नाही, तिथे नियंत्रणासाठीही स्वतंत्र बॅटरी लागते.

चाचणीसाठी मी पूर्ण वेगात, तोफा भरत असताना, भट्टीतील इंधनकांड्या काढून घेतो. उष्णता उतरेपर्यंत उत्पादन हळूहळू घसरते, बॅटऱ्या तूट भरू लागतात, मग सुपरकपॅसिटर, इंजिन आणि दिवे या क्रमाने तुटतात आणि पंपांचा आवाज मात्र एकदाही खंडित होत नाही.

सर्वांत शेवटी सुकाणूजवळ एक बटण बसवले. ते दाबले की स्वयंचलित यंत्रणेचा निर्णय बाजूला ठेवून इंजिन ३० सेकंदांसाठी बॅटरीवर जोडले जाते, कारण शिकारी जलचर खिडकीशी आलेला असताना ऑक्सिजनपेक्षा हालचाल महत्त्वाची ठरू शकते आणि तो निवाडा कप्तानाने करायचा असतो. इंजिन त्या वेळी सुमारे १००० किलोवॅट घेते. एकदा बटण दाबणे म्हणजे ५०० किलोवॅट-मिनिट, अर्थात दहा मिनिटांतील सव्वा मिनिट. बटणाशेजारच्या पाटीवर मी तेवढेच लिहिले आहे.